‘प्रभावा’चा कर्ता कोण? : पालेम्बांगची मलय भाषा आणि तिच्यातील जावा

भाषेच्या आणि वाङ्मयाच्या इतिहासलेखनात ‘प्रभाव’ ही संज्ञा इतक्या सहजपणे वापरली जाते की, तिच्यामागे काही घटना असतात आणि त्या घटनांना कर्ते असतात, याचे विस्मरण होते. एका भाषेचा दुसरीवर प्रभाव ‘पडतो’ असे म्हटले जाते. झाडाची सावली पडावी तसा तो आपोआप पडतो, असे या वाक्यरचनेत गृहीत असते. शब्द कोणी घेतले, कोणत्या गरजेपोटी घेतले, कोणत्या स्थळी घेतले आणि कोणी ते नाकारले, हे प्रश्न या कर्तृहीन क्रियापदाआड लपून राहतात. दक्षिण सुमात्रातील पालेम्बांग या नगराची मलय भाषा हे प्रश्न पुन्हा उपस्थित करण्यास भाग पाडते.

मुसी नदीच्या काठावरील या नगरात परंपरेने भाषेचे दोन स्तर मानले जातात. एक ‘बासो सारी-सारी’, म्हणजे रोजच्या व्यवहाराची भाषा. दुसरा ‘बेबासो’, म्हणजे आदरार्थी, घरंदाज भाषा. पहिला स्तर उघडपणे मलय आहे, पण त्यात जावानी शब्दांचा मोठा भरणा आहे. दुसऱ्या स्तराची शब्दसंपदा प्रामुख्याने जावानीच्या उच्च स्तरातून आलेली आहे. याचे प्रचलित वर्णन ‘मलय भाषेच्या पायावर चढलेला जावानीचा थर’ असे केले जाते. थराचे हे रूपक सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. पालेम्बांगमध्ये जावानी भाषा एका वाटेने आली नाही, एका वर्गाने आणली नाही आणि तिचा उपयोगही एकाच हेतूने झाला नाही. या फरकाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत वाङ्मयेतिहासाला मोजावी लागली आहे.

१

पालेम्बांगच्या भाषिक इतिहासाचा आरंभ बहुधा कोरीव लेखांपासून केला जातो. नगराच्या परिसरात १९२० मध्ये सापडलेला केडुकान बुकित येथील लेख हा तारखेसह उपलब्ध असलेला मलय भाषेचा सर्वांत जुना लेख मानला जातो. त्यातील शकवर्ष पूर्वी ६०५ असे वाचले जाई. पुढे ते ६०४, म्हणजे इ. स. ६८२, असे दुरुस्त करण्यात आले. तालांग तुवो येथील लेख इ. स. ६८४ चा. लिपी दक्षिण भारतातून आलेली पल्लव परंपरेची, तिथी-नक्षत्रांची आणि धर्मविचाराची परिभाषा संस्कृत, आणि वाक्याचा सांगाडा प्राचीन मलय, अशी या लेखांची घडण आहे. ‘श्रीविजय’ हे एका राज्याचे नाव असल्याचे जॉर्ज सेदेस यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले होते. त्या राज्याचे केंद्र पालेम्बांग परिसरात होते या मताला या लेखांनी मोठा आधार दिला. चिनी यात्रेकरू इ-त्सिंग भारताकडे जाताना इ. स. ६७१ मध्ये याच राज्यात थांबला आणि तेथे त्याने सहा महिने संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला.

या प्राचीनतेचा अभिमान समजण्यासारखा आहे. तथापि सातव्या शतकातील लेखांपासून आजच्या पालेम्बांग मलयपर्यंत एक सरळ रेषा ओढणे धाडसाचे ठरेल. लेखांत आजच्या ‘बेर-’ या उपसर्गाच्या जागी ‘मार्-’ आणि कर्मणीच्या ‘दि-’ च्या जागी ‘नि-’ आढळतो. दरम्यानच्या काळात सत्ताकेंद्रही स्थिर राहिले नाही. राजेंद्र चोळाच्या १०२५ च्या स्वारीनंतर काही काळाने केंद्र उत्तरेकडे जांबीच्या बाजूला सरकले. चौदाव्या शतकात मजापहितची सत्ता येथे पोहोचली. पंधराव्या शतकात मा हुआन हा चिनी लेखक पालेम्बांगचा उल्लेख जावाच्या अधिकाराखालील प्रदेश म्हणून करतो, आणि तेथे चिनी वस्ती मोठी असल्याचेही सांगतो. म्हणजे ‘मूळ’ म्हणून ज्या शुद्ध मलयचा निर्देश केला जातो, ती या नगरात कोणत्याही कालखंडात एकटी नव्हती. सर्वांत जुन्या लेखातही ती संस्कृतच्या सोबतीनेच अवतरते.

२

जावाशी असलेल्या संबंधाचे स्वरूप सोळाव्या शतकात बदलले. पोर्तुगीज लेखक तोमे पिरेस याच्या १५१२ ते १५१५ च्या दरम्यानच्या वृत्तांतात पालेम्बांग हे जावाच्या उत्तर किनाऱ्यावरील देमाक या मुस्लिम राज्याच्या अंकित असल्याचे दिसते. देमाकचा राजा त्रेंगाना १५४६ मध्ये मरण पावल्यावर तेथे वारसाहक्काचा संघर्ष पेटला. पालेम्बांगच्या स्थानिक परंपरेनुसार या संघर्षातून निसटलेले सरदार की गेदे इंग सुरो याच्या नेतृत्वाखाली पालेम्बांगला आले आणि त्यांनी नव्या राजघराण्याचा पाया घातला. परंपरेतील तपशील कसेही असोत, या घराण्याने स्वतःची ओळख जावानी कुळाशी जोडली, हे पुढील शतकांतील पदव्या आणि राजनामे यांवरून स्पष्ट होते. ‘रादेन’, ‘मासागुस’, ‘केमास’, ‘कियागुस’ या पुरुषांच्या आणि ‘रादेन आयु’, ‘मासायु’, ‘न्यिमास’, ‘न्यायु’ या स्त्रियांच्या उपाध्या आजही पालेम्बांगच्या जुन्या घराण्यांत नावाआधी लावल्या जातात. मृत राजांचा निर्देश ‘सेदो इंग…’, म्हणजे ‘अमुक ठिकाणी निधन पावलेले’, असा केला जाई. यातील ‘सेदो’ हे जावानीतील अत्यादरार्थी क्रियापद आहे.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पालेम्बांगचे राजे मध्य जावातील माताराम राज्याचे मांडलिकत्व मान्य करीत होते. १६५९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने पालेम्बांगवर हल्ला करून राजवाड्यासह नगर जाळले, तेव्हा मातारामकडून मदत आली नाही. त्यानंतर सत्तेवर आलेल्या राजाने मातारामशी असलेले नाते तोडले, ‘सुलतान अब्दुर्रहमान’ हे नाव धारण केले आणि पालेम्बांगची स्वतंत्र सल्तनत उभी केली.

येथे एक विसंगती दिसते. ‘प्रभाव’ हा सत्तेच्या दबावाचा परिणाम असता, तर दबाव सरल्यावर जावानी भाषा दरबारातून हळूहळू मागे हटावयास हवी होती. प्रत्यक्षात घडले ते उलट. स्वतंत्र सल्तनतीच्या काळातही सुलतान मुसीच्या वरच्या खोऱ्यातील गावप्रमुखांना तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली आज्ञापत्रे, म्हणजे ‘पियागेम’, पाठवीत राहिले, आणि त्यांची भाषा व लिपी जावानी होती. ती ज्यांना मिळत, ते डोंगराळ भागातील लोक मलय गटातील बोली बोलणारे होते. त्यांची स्वतःची ‘उलू’ लिपीही होती. बांबूवर आणि झाडाच्या सालीवर लिहिली जाणारी, भारतीय लिपींच्याच कुळातील. राजाज्ञा त्यांच्या भाषेत वा लिपीत देता आली असती. ती तशी दिली गेली नाही, कारण आज्ञापत्राचे कार्य केवळ मजकूर पोहोचविणे एवढेच नव्हते. न कळणाऱ्या अक्षरांचा तो जड पत्रा गावप्रमुखाच्या घरी वारसाहक्काने जपला जाई आणि त्याच्या पदाला मान्यता देई. जावाचे वर्चस्व संपल्यानंतर जावानी ही पालेम्बांगच्या दरबाराची स्वतःची वस्तू झाली. प्रजेपासून आणि शेजारच्या मलय राजांपासून आपण वेगळे आहोत, हे सांगण्याचे ते साधन होते. सुलतानांनी ती निवडली, असेच म्हणणे प्राप्त आहे.

३

या दरबारी निवडीबरोबरच दुसरी एक प्रक्रिया चालू होती आणि तिची साक्ष शब्द देतात. इंग्रज अधिकारी विल्यम मार्सडेन याने ‘सुमात्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या १८११ च्या आवृत्तीत पालेम्बांगच्या भाषाव्यवहाराचे थोडक्यात पण नेमके वर्णन केले आहे. राजा आणि दरबार यांची भाषा उच्च जावानी. परक्यांशी बोलण्याची भाषा मलय, पण शब्दान्ती ‘आ’ऐवजी ‘ओ’ उच्चारणारी. आणि नगरवासी आपसांत बोलतात ती मलय सामान्य जावानीशी मिसळलेली, असे तो सांगतो. त्याने उच्च जावानी आणि सामान्य जावानी यांत केलेला भेद महत्त्वाचा आहे.

जावानीत एकाच अर्थासाठी बोलणाऱ्यांच्या सामाजिक नात्यानुसार वेगवेगळे शब्द वापरले जातात. ‘ङोको’ हा सलगीचा किंवा खालच्याशी बोलण्याचा स्तर, तर ‘क्रामा’ हा आदराचा. ही बाब ध्यानात ठेवून पालेम्बांगच्या रोजच्या भाषेतील जावानी शब्द तपासले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. माणूस या अर्थी ‘वोङ’, पाणी या अर्थी ‘बान्यु’, मासा या अर्थी ‘इवाक’, पुरुष या अर्थी ‘लानांग’, दार या अर्थी ‘लावांग’ हे सारे शब्द ङोको स्तरावरील आहेत. माणूस, पाणी आणि मासा यांचे क्रामा प्रतिशब्द अनुक्रमे ‘तियांग’, ‘तोयो’ आणि ‘उलाम’ असे आहेत. दरबारातील शिष्ट भाषेचे अनुकरण करून रोजच्या भाषेत शब्द झिरपले असते, तर ‘तियांग’ आणि ‘तोयो’ बाजारात ऐकू आले असते. बाजारात आले ते ‘वोङ’ आणि ‘बान्यु’. हे शब्द राजाच्या तोंडून आलेले नाहीत. सरदारांबरोबर आलेले सेवक, शिपाई, कारागीर, खलाशी, तसेच जावाच्या बंदरांशी येजा करणारे व्यापारी यांच्या नित्य संभाषणातूनच ते रुजले असावेत, हे अनुमान सयुक्तिक ठरते. आज पालेम्बांगचे रहिवासी स्वतःला अभिमानाने ‘वोङ कितो’, म्हणजे ‘आपली माणसे’, म्हणवितात. या दोन शब्दांच्या ओळखपत्रात पहिला शब्द ङोको जावानी आहे आणि दुसरा मलय.

उलट, बेबासोत ‘मी’साठी ‘कुलो’ येतो. तो जावानीतील आदरार्थी स्तराचा शब्द आहे. म्हणजे जावानी दोन दारांनी आत आली. एका दाराने सत्ता आली, दुसऱ्याने सहवास. ‘जावानी प्रभाव’ हा एकच शब्दप्रयोग या दोहोंना लावल्याने त्यांच्यातील वर्गभेद पुसला जातो.

मार्सडेनने नोंदविलेला अंत्य ‘ओ’ही प्रभावाच्या सोप्या कल्पनेबद्दल सावध करतो. ‘आपा’ (काय) याचे ‘आपो’, ‘माना’ (कोठे) याचे ‘मानो’ असे रूप पालेम्बांगमध्ये होते. जावानीतही शब्दान्ती ‘आ’ गोलाकार होतो, म्हणून हा जावानीचाच परिणाम, असे अनेकदा गृहीत धरले जाते. परंतु मध्य जावाच्या उच्चारात ‘आपा’ या शब्दातील दोन्ही स्वर गोलाकार होऊन ‘ऑपॉ’ असे होते. पालेम्बांगमध्ये केवळ अंत्य स्वर बदलतो. शिवाय सुमात्राच्या पश्चिमेकडील मिनांगकाबाउ भाषेतही ‘आपो’ आणि ‘कितो’ हीच रूपे आहेत, आणि तेथे जावानी दरबाराची परंपरा नाही. तेव्हा हे वैशिष्ट्य सुमात्रातील मलय भाषांच्या अंतर्गत विकासाचे असणे अधिक संभवनीय आहे. जावानीच्या सान्निध्याने त्याला बळकटी आली असेल. पण साम्य दिसले की ऋण मानावयाचे, ही पद्धत येथे टिकत नाही.

४

‘बेबासो’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘बे-’ हा मलय उपसर्ग आणि ‘बासो’ म्हणजे संस्कृत ‘भाषा’. मलयमध्ये ‘बाहासा’ झालेला हा शब्द भाषेबरोबरच शिष्टाचार, सभ्य वर्तन या अर्थांनीही वापरला गेला. जावानीत ‘बासा’ याचा अर्थ भाषा असा तर आहेच, पण आदरार्थी स्तरात बोलणे असाही आहे. पालेम्बांगच्या ‘बेबासो’त हाच अर्थ उतरला आहे: ‘भाषा करणे’ म्हणजे अदबीने बोलणे. पाणिनीच्या व्याकरणात ‘भाषायाम्’ हा निर्देश वेदातील भाषेहून वेगळ्या अशा प्रचलित, बोलल्या जाणाऱ्या भाषेसाठी येतो. मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या जुन्या वाङ्मयात ‘भाषा’ ही संस्कृतच्या समोर उभी असलेली लोकांची वाणी आहे. समुद्रापलीकडे गेल्यावर या शब्दाने आपली सामाजिक जागा बदलली. जो शब्द येथे खालच्या पायरीचा निर्देश करी, तोच तेथे वरच्या पायरीचे नाव झाला.

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये मांडलेली द्विस्तरीय भाषाव्यवहाराची कल्पना पालेम्बांगला लागू करण्याचा मोह होतो. त्यांच्या मांडणीत उच्च आणि निम्न स्तर एकाच भाषेचे असतात आणि उच्च स्तर लेखन, धर्म व शिक्षण यांच्याशी निगडित असतो. पालेम्बांगमध्ये उच्च बोलीची शब्दसंपदा दुसऱ्याच भाषेची आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे धर्म व विद्या यांचा व्यवहार तिच्या हाती नव्हताच.

अठराव्या शतकात पालेम्बांग हे इस्लामी विद्येचे मोठे केंद्र झाले. हिजाझमध्ये राहून लिहिणारे अब्द अल-समद अल-पालिम्बानी यांनी ‘हिदायत अल-सालिकीन’ (१७७८) आणि ‘सैर अल-सालिकीन’ (१७८८ च्या सुमारास पूर्ण) हे अल-गझालींच्या विचारावर आधारलेले ग्रंथ अरबी लिपीतील मलयमध्ये रचले. दरबाराच्या आश्रयाने लिहिणारे केमास फखरुद्दीन यांनीही मलयमध्येच लिहिले. ‘केमास’ ही त्यांची उपाधी जावानी कुलपरंपरेची आहे आणि लेखणी मलय आहे. ज्या घरात आदराने बोलताना ‘कुलो’ म्हटले जाई, त्याच घरातील विद्वान द्वीपसमूहातील सर्व मुसलमानांना कळावे म्हणून मलय निवडीत होता. अरब जगात या साऱ्या द्वीपवासीयांना ‘जावी’ म्हणत आणि अरबी लिपीतील मलयलाही ‘जावी’ हेच नाव मिळाले. म्हणजे मक्केत ‘जावी’ लिहिणारा पालेम्बांगचा माणूस जावानीत नव्हे, मलयमध्ये लिहीत होता.

पालेम्बांगचा वाङ्मयव्यवहार असा तीन लिप्यांत आणि निदान तीन भाषिक स्तरांत विभागलेला होता. दरबारात जावानी पोथ्या आणि जावाच्या पांजी कथांची मलय रूपे; विद्वानांत अरबी लिपीतील मलय; डोंगराळ भागात उलू लिपीतील लेखन. वाङ्मयेतिहासाने मात्र या एकत्र नांदणाऱ्या व्यवहाराची वाटणी केली. जावानी पोथ्या जावानी वाङ्मयाच्या परिघावर ‘प्रांतिक’ म्हणून गेल्या, धर्मग्रंथ इस्लामी विद्येच्या इतिहासात गेले, उलू लेखन मानववंशशास्त्राच्या संग्रहालयांत गेले. जी. डब्ल्यू. जे. ड्रेवेस यांनी १९७७ च्या आपल्या अभ्यासात पालेम्बांगच्या लेखकांची आणि हस्तलिखितांची एकत्र नोंद केली, तेव्हा हे नगर एक वाङ्मयकेंद्र म्हणून दिसू लागले. भाषेच्या शुद्धतेवर उभी असलेली वर्गवारी मिश्र केंद्रांना आपोआप अदृश्य करते, याचा हा पुरावाच होय.

५

१८१२ मध्ये जावावरील ब्रिटिश सत्तेने पालेम्बांग घेतले, १८१९ मध्ये डचांना सुलतान महमूद बदरुद्दीन दुसरा याने परतवून लावले, आणि १८२१ मध्ये अखेर त्याचा पराभव झाला. त्याला तेर्नाते बेटावर पाठविण्यात आले. तेथेच १८५२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. १८२३ मध्ये सल्तनत बरखास्त होऊन डचांचा थेट अंमल सुरू झाला. बेबासोचा आधार असलेला दरबार नाहीसा झाला. त्यानंतर ती जुन्या घराण्यांत, वडीलधाऱ्यांशी बोलताना आणि लग्नकार्याच्या विधींत टिकून राहिली. पण पिढीगणिक तिचे क्षेत्र आकुंचित झाले आणि आज ती प्रामुख्याने वृद्धांच्या स्मरणात व समारंभात आढळते. बाजारातील ‘वोङ’ आणि ‘बान्यु’ यांना मात्र सल्तनतीच्या अंताने काहीही बाधा आली नाही. बासो सारी-सारी दक्षिण सुमात्राची संपर्कभाषा म्हणून विस्तारली. प्रतिष्ठेच्या आधाराने आलेले शब्द प्रतिष्ठेबरोबर गेले आणि सहवासाने आलेले राहिले.

हीच बाब रंगभूमीवरही दिसते. पालेम्बांगच्या छायानाट्यात कथा आणि चामड्याच्या बाहुल्या जावाच्या परंपरेच्या आहेत, पण सूत्रधार ‘दालांग’ बोलतो ती पालेम्बांगची मलय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढीस लागलेले ‘दुलमुलुक’ हे नाट्य रियाउच्या परिसरात रचल्या गेलेल्या ‘शाइर अब्दुल मुलुक’ या मलय काव्यावर आधारलेले आहे. त्यात राजे-राण्या पद्याच्या शिष्ट मलयमध्ये बोलतात आणि विनोदी सेवक पालेम्बांगच्या रोजच्या भाषेत. संस्कृत नाटकातील प्राकृत बोलणारी पात्रे आठवावीत अशी ही रचना आहे; मात्र येथे वरच्या स्तरावर जावानीची जागा रियाउच्या मलयने घेतलेली आहे. दरबार गेल्यावर प्रतिष्ठेची दिशा बदलली, याची नोंद राजकीय कागदपत्रांइतकीच या नाट्यानेही ठेवली आहे.

ती दिशा पुढे पक्की झाली. १९०१ मध्ये फान ओफाउसेन याने रोमन लिपीतील मलयचे शुद्धलेखन निश्चित केले. जोहोर-रियाउ परंपरेतील मलय प्रमाण मानली गेली, आणि १९२८ च्या युवक प्रतिज्ञेने तिला ‘इंडोनेशियाची भाषा’ हे नाव दिले. या प्रमाणाच्या तुलनेत पालेम्बांगची मलय ‘जावानीमिश्रित बोली’ ठरली. भाषांच्या अलीकडच्या आंतरराष्ट्रीय सूचींत तर तिचा समावेश ‘मुसी’ या व्यापक नावाखाली केला जातो. ज्या परिसरातून मलयचा सर्वांत जुना दिनांकित लेख मिळाला, तेथील मलय ही प्रमाणापासून ढळलेली मलय समजली जाते, यातील विरोधाभास केवळ भावनिक नाही. प्रमाणभाषा ही इतिहासात मागाहून घेतलेली एक निवड असते. परंतु एकदा ती झाली की तिच्या आधीचा सारा इतिहास तिच्यापासूनच्या अंतराने मोजला जातो.

पालेम्बांगच्या भाषेतील ‘मिश्रण’ हा शुद्ध मूळाचा ऱ्हास नाही, आणि सर्व संस्कृतींच्या सौहार्दाचे गोड प्रतीकही नाही. त्यात देमाकहून आलेल्या घराण्याची वर्चस्वाची आकांक्षा आहे, न वाचता येणारी राजाज्ञा जपणाऱ्या गावप्रमुखाची अगतिकता आहे, वाचकांचा व्यापक समुदाय शोधणाऱ्या धर्मविद्वानाचा विवेक आहे, आणि नाव नसलेल्या शेकडो सेवक-खलाशांचे संभाषण आहे. ‘प्रभाव’ या एका शब्दाने हे सारे कर्ते वाक्यातून बाहेर काढले जातात. वाङ्मयेतिहासाने त्यांना परत आणावयाचे, तर प्रत्येक उसन्या शब्दापाशी थांबून तो कोणत्या दाराने आला आणि ते दार कोणाच्या ताब्यात होते, हे विचारणे अपरिहार्य आहे.